बाळोत्यांचं अंदाजपत्रक

आमचं पहिलं मूल व्हायचं होतं तेव्हा मी सरकारी कचेरीत अंदाजपत्रकाच्या शाखेत कारकून होतो. मध्यप्रांतातल्या एखाद्या आडगावच्या पुलाला येत्या वर्षी किती चुना आणि किती विटा लागतील, हे तो पूल न पाहता मी सांगत असे आणि माझ्या आकड्यांवर साहेब सही करून कागद वर पाठवत. अशा माणसाला आपल्या घरी येणाऱ्या वीतभर जिवाला किती कापड लागेल हे काढता येऊ नये, ही गोष्ट मला पटेना. पुढचं सगळं रामायण या न पटण्यातून झालं.

लढाईचे दिवस होते आणि कापड कंट्रोलवर होतं. कार्डावर ठरलेले वार मिळायचे, तेही दुकानदाराकडे माल आला असेल आणि आपण सकाळपासून रांगेत उभे राहिलो असू तर. नागपुरात आमच्या महाल भागातल्या गल्लीत भली भली माणसं धोतराचा विरलेला मधला भाग कापून टाकायची, दोन्ही धड बाजू जोडून दंड घालायची आणि तेच नेसून देवळात जायची. कोणी कोणाला हसत नसे. हसणाऱ्याच्या धोतरालाही दंड असायचाच.

आधी मी माहिती गोळा केली. आमच्या शाखेतले मोठे बाबू म्हणजे भरल्या घराचे धनी. तान्ह्या लेकराला दिवसाकाठी लंगोट किती लागतात, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. आपल्या मुलांची नावं त्यांना सांगता येत होती, तीही एका दमात नव्हे. लंगोटांचं खातं घरातल्या बायकांकडे होतं आणि त्या खात्याची तपासणी त्यांनी कधी केलेली नव्हती. तरी अनुभवी माणसानं कोरं उत्तर देऊ नये म्हणून त्यांनी डझनभर धरायला सांगितले, आणि पावसाळा असेल तर दुप्पट, कारण वाळत नाहीत.

बाळंतपण श्रावणातलं होतं. मी दुप्पट धरले. मग ओले, भिजत घातलेले, वाळत टाकलेले आणि कोरडे असे चार रकाने पाडले, आणि पाहुण्यांच्या मांडीवर होणाऱ्या आकस्मिक खर्चासाठी वेगळी शिल्लक ठेवली. पत्रक इतकं देखणं झालं की ते साहेबांना दाखवावं असं एकदा मनात आलं होतं.

हे सगळं बायकोला का विचारलं नाही, असं कोणी म्हणेल. ती घरी नव्हती. डोहाळजेवणासाठी ती उमरेडला माहेरी गेली होती. माहेर म्हणजे तिची आत्या. आई दोन-तीन वर्षांपूर्वी वारली होती. बाळंतपण मात्र नागपुरातच करा असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून दिवस भरत आले की आत्याबाई तिला घेऊन आमच्याकडे येणार आणि बाळंतपण उरकूनच परत जाणार, असं ठरलं होतं. त्यांनी यावं, तयार संसार पाहावा आणि जावई कसा मिळाला म्हणून बोटं तोंडात घालावीत, अशी माझी योजना होती.

कार्डावरचा घरातला होता नव्हता तेवढा सगळा हक्क मी एका दमात वापरला. माझ्या धोतराचा, तिच्या लुगड्याचा, सगळ्याचा. त्यात मिळालं ते मांजरपाट. खळीनं असं कडक की ठाण टेबलावर आपटलं तर टेबलच आवाज करील. ते घेऊन मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो आणि बंद लावून लंगोट शिवायला सांगितले. शिंप्यानं कापड दोन बोटांत चोळलं, माझ्याकडे पाहिलं, पहिलंच लेकरू काय म्हणून विचारलं, आणि मग घरी कोणी बाईमाणूस नाही काय असंही विचारलं. एकट्या माणसाची धावपळ पाहून त्याला माझी दया आली असावी, असं मला वाटलं. दया आली होती हे खरंच.

लंगोट तयार झाले. ठेवायला पेटी रिकामी केली. आता भिजत घालायला मोठं भांडं हवं होतं, आणि त्याची तरतूद माझ्या पत्रकात नव्हती. माळ्यावर मात्र एक भलं मोठं गाठोडं होतं. सोडून पाहिलं तर विरलेली लुगडी, माझ्या वडिलांची जाळी झालेली धोतरं, मऊ पडून पारदर्शक झालेली एक चादर. आमच्या कचेरीत दरसाल निकामी मालाची छाननी होते आणि तो खात्यातून कमी करतात. घरात तशी छाननी कधीच झाली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्याच दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीतून ओरडत गेली. मी तिला बोलावलं. तिनं गाठोड्यात हात घातला, एक लुगडं हातावर पसरलं आणि ती गप्प झाली. एरवी या बाया एका वाटीसाठी तासभर घासाघीस करतात. हिनं टोपलीतलं सगळ्यात मोठं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, घमेलं काढून माझ्यापुढे ठेवलं. माझ्या बोलण्याचा दरारा पडला, असं मी समजलो. उठता उठता तिनं घरात लेकरूबाळ नाही काय असं विचारलं. मी म्हटलं, येणार आहे, एवढ्यातच. तेव्हा ती गाठोडं डोक्यावर घेऊन थबकली.

"मंग हे देऊन राह्यले काय, बाबूजी?"

आमच्या लेकराला सगळं नवं आहे, असं मी तिला ऐटीत सांगितलं. ती जी निघाली ती गल्लीतल्या दुसऱ्या कोणत्याही दारापुढे थांबली नाही.

उमरेडची मोटार आली त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. आत्याबाई म्हणजे काठीसारखी सरळ बाई. बोलणं कमी आणि नजर सगळीकडे. पाय धुऊन झाले, चहा झाला, आणि मी पेटी उघडली. लंगोटांच्या थप्प्या पाहून बायको हसली. ते हसू कौतुकाचं होतं असं मी धरून चाललो. आत्याबाईंनी वरचा लंगोट उचलला आणि गालाला लावून पाहिला.

"हे कायचं होय, जावईबापू? मले वाटलं घोड्याचं खोगीर शिवलं."

मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं. पोटातल्या लेकरासाठी नवं कापड कोणी आधी आणून ठेवत नाही, आणि झालेल्या लेकराला बारशापर्यंत नवं घालत नाहीत. त्याला जुन्यातच गुंडाळायचं असतं, वापरून, धुऊन, मऊ झालेल्या कापडात. घरच्या मोठ्या माणसांच्या अंगावरचं असेल तर उत्तम. नवं पाणी पीत नाही आणि कातडं सोलून काढतं. तुमचे हे पुढे कामाला येतील, म्हणाल्या, पोट्टं शाळेत जाईल तेव्हा पाटी पुसायला.

बायको अजूनही हसतच होती. तिनं मला माळ्यावरचं गाठोडं काढायला सांगितलं.

मी बाहेर जाऊन घमेलं घेऊन आलो.

खरं सांगतो, ते घमेलं मी दोन्ही हातांनी, थोडं वर उचलून आणलं, सत्काराच्या वेळी ताट आणतात तसं. तोवर माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. गाठोड्याच्या बदल्यात हे मिळालं, असं मी सांगून टाकलं. बायकोचं हसणं थांबलं. तिनं घमेल्यात पाहिलं, जणू आत काही असेल.

"त्यात माझ्या आईचं लुगडं होतं," ती म्हणाली. "पहिलं त्याच्यात घ्याचं होतं."

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली. आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत. फक्त घमेलं माझ्या हातातून घेऊन खाली ठेवलं आणि याच्यात लेकराले गुंडाळाचं कसं ते आता तुमीच सांगा, असं म्हणाल्या.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी बोलेना. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत्याबाईंमार्फत बोले. मी समोर बसलेला असताना, आत्या, यांना सांग भाजीत मीठ हाय काय पाहा. मीही मग आत्याबाईंना सांगे की मीठ आहे. आत्याबाई मधे बसून तांदूळ निवडत आणि दोघांचंही काही पुढे सांगत नसत.

मी गाठोड्याच्या मागे लागलो. भांडेवाली नाग नदीच्या बाजूच्या एका वस्तीत सापडली. तिनं मला लगेच ओळखलं आणि बसायला बाज दिली, म्हणजे माझ्या मालावर तिचं भलं झालं होतं. तो माल त्याच दिवशी इतवारीच्या व्यापाऱ्याला गेला होता. व्यापाऱ्यानं सांगितलं की जुनं कापड आता दुकानात टिकतच नाही. नेसण्यासारखं लोक नेसायला नेतात आणि उरलेलं यंत्रं पुसायला जातं. माझ्या सासूबाईंच्या लुगड्यावर कोणत्या इंजिनाचं तेल पुसलं गेलं, ते मी विचारलं नाही.

मग म्हटलं, लुगडं नाही तर नाही, निदान मऊ कापड तरी मिळवू. आत्याबाईंनी अट घातली की बाजारातलं नको, कोणाच्या मढ्यावरचं असेल कोण जाणे. ओळखीच्या, निरोगी, लेकराबाळांच्या घरचं पाहिजे. मी मोठ्या बाबूंकडे गेलो. त्यांनी उठून उभं राहून स्वतःभोवती एक फेरी मारली आणि धोतरावरचे तिन्ही दंड मला दाखवले. घरातलं जुनं ते मीच नेसून राह्यलो, म्हणाले, आता मी कशात जाऊ ते सांग. शेजारच्या घरी गेलो तर तिथली म्हातारी आधी फार जिव्हाळ्यानं बोलली. पण माझ्या तोंडून तुमचं अंगावरचं वापरलेलं एखादं कापड द्या असं निघालं, आणि तिनं दाराची कडी हातात धरली. वापरलेलं कापड मागणारा माणूस करणी करायला मागतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की अंदाजपत्रकवाला बाबू म्हाताऱ्या बायांची लुगडी मागत हिंडतो. आत्याबाईंनी स्वतः जाऊन समजूत काढली तेव्हा त्या घरून एक पदर मिळाला. एकच. त्यांच्याही सुनेला दिवस होतेच.

शेवटी मी नव्याचं जुनं करायला बसलो. एका रविवारी सगळे लंगोट सोड्याच्या पाण्यात उकळले, दगडावर आपटले, पुन्हा उकळले. सोड्यानं जर्मनचं घमेलं आतून काळंठिक्कर पडलं. लंगोट होते तसेच राहिले, फक्त त्यांचे बंद तुटले. मग वापरून मऊ होतील म्हणून मी काही लंगोट कमरेला सदऱ्याखाली गुंडाळून कचेरीत गेलो. दिवसभर खुर्चीत सरळ बसलो. वाकता येत नव्हतं. साहेबांनी जाता जाता शाबासकी दिली की बसावं तर असं बसावं.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, पाऊस धारेनं लागला असताना मुलगी झाली.

डॉक्टरीणबाईंनी पाठवलेली सुईण आत होती, मी ओसरीवर. आत्याबाईंनी आतून जुनं कापड मागितलं. मी शेजारणीचा तो पदर दिला. थोड्या वेळानं आतून टर्रकन कापड फाटल्याचा आवाज आला. आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या नऊवारीचा घेर कमी झालेला होता. अंगावरच्या लुगड्याचा निम्मा भाग फाडून त्यांनी लेकराला घेतलं होतं आणि उरलेलं कसंबसं नेसल्या होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी शेगडीत निखारे घालायला सांगितले.

त्यानंतरचे दिवस मी शेगडीपाशी काढले. निखाऱ्यावर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ओली बाळोती पसरायची. पावसानं सगळं घर ओलं होतं. एक वाळेपर्यंत आतून दोन यायची. माझ्या पत्रकात वाळण्याचा एक रकाना होता, पण वाळायला किती वेळ लागतो हे त्यात कुठेच नव्हतं. आत्याबाईंच्या लुगड्याचे तुकडे आणि तो पदर, एवढ्यावर गाडं चालेना. पोरीला कधी दमट कापडात ठेवावं लागे, कधी नुसतंच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी कोरडं काहीच उरलं नाही तेव्हा मी माझा कमावलेला, कमरेला गुंडाळून मऊ केलेला एक लंगोट आत दिला. आत्याबाईंनी नाइलाजानं बांधला. पोरगी रडायला लागली ती थांबेचना. सोडून पाहिलं तर मांड्यांच्या घड्या लाल झाल्या होत्या आणि बंदाच्या जागी रेघ उठली होती. बायकोनं तिला उचलून छातीशी घेतलं. मला वाटलं, आता तरी ती मला बोलेल. तीही रडत होती, आवाज न करता. आत्याबाईंनी खोबरेल लावलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"लेकरू सोलून निंघालं, बापू. कोरडं फडकं नाई घरात."

मी बाहेर आलो. दांडीवर माझी दोन धोतरं होती, रोजची. वर्षानुवर्षं धुऊन ती सायीसारखी झाली होती. घरातलं सगळ्यात मऊ कापड इतके दिवस मी नेसून हिंडत होतो आणि गावभर म्हाताऱ्यांच्या दारात उभा राहत होतो. कचेरीच्या भाषेत मी स्वतःला कायम आस्थापनेत धरलं होतं, त्यामुळे कपातीचा विचार माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही धोतरं काढली, काठ फाडून बाजूला केले, मधले तुकडे पाडले आणि आत दिले. आत्याबाईंनी एक गालाला लावून पाहिला. मग हात पुढे करून बाकीचेही घेतले.

आता माझ्याकडे एकच धोतर उरलं, लग्नातलं, नागपुरी रेशीमकाठी. दुसरं घ्यावं तर कार्डावरचे वार मी कधीच संपवले होते. ते रेशीमकाठी नेसून मी कचेरीत जायला लागलो. पहिल्या दिवशी मोठ्या बाबूंनी विचारलं, घरी काय आहे गा आज. दुसऱ्या दिवशी चपराश्यानं विचारलं. तिसऱ्या दिवसापासून सगळी शाखा मला नवरदेव म्हणायला लागली, आणि मी फाईल मागितली की कोणीतरी अक्षता टाकल्यासारखा हात करायचं.

घरी मात्र थोडं बरं चाललं होतं. पोरीच्या मांड्या निवत होत्या, लाल होतं ते गुलाबी झालं होतं. पण पाऊस काही हटेना. रोज दुपारपर्यंत कोरडी थप्पी संपायची आणि मग संध्याकाळी मी घरी येईस्तोवर दोघी टोपलीपाशी बसून फुंकर घालत असायच्या.

अशाच एका संध्याकाळी मी भिजून आलो. रेशीमकाठी सोडून पिळलं, शेगडीच्या उबेला पसरलं आणि पंचा गुंडाळून निखाऱ्यापाशी बसलो. आत पोरगी कुरकुरत होती. आत्याबाई ओसरीवर माझ्यासाठी भाकर थापत होत्या, म्हणजे मधे निरोप न्यायला कोणी नव्हतं. खोलीतून बायकोचा आवाज आला, हळू, नेहमीचाच.

"अहो, ते वाळलं काय?"

कोणतं, असं मी विचारलं. मला ठाऊक होतं.

"रेशीमकाठी. वाळलं असंल तं आणा इकडे. इले पुन्हा ओलं घालवत नाई माझ्यानं."

मी ते हातात घेतलं. काठ अजून दमट होते, मधलं कापड कोरडं आणि ऊन होतं. पहिल्यांदा फाडायला गेलो तर फाटेना. दातानं कड तोडली तेव्हा ते सरळ, एका रेघेत, खालपर्यंत गेलं. मी खोलीच्या दारात उभा राहिलो. एरवी बाळंतिणीच्या खोलीत मला येऊ देत नसत, पण ओसरीवरून कोणी अडवलं नाही. बायकोनं एक तुकडा माझ्या हातातून घेतला, आपल्या मानेला लावून ऊब पाहिली आणि पोरीखालचं ओलं काढून तो सरकवला. पोरगी दोन-तीनदा तोंड वेडंवाकडं करून गप्प झाली.

उद्या कचेरीत काय नेसून जायचं, हे मला सुचत नव्हतं. मी तेच सांगायला तोंड उघडलं.

"दार लोटून घ्या," बायको म्हणाली, "इले वारा लागते. अन् बसा इथंच, बाहेर पंच्यावर हिंडू नका."

मी दार लोटलं आणि बसलो.